खानदेशचा शेतमाल आणि परदेशचा पैसा

आंतरराष्ट्रीय व्यापार व परकीय भांडवल हे शब्द कानी पडले म्हणजे पुष्कळांस वाटते की, हा विषय मुंबईच्या पेढीवाल्यांचा आणि लंडन-न्यूयॉर्कच्या धनिकांचा. जळगाव-धुळ्याच्या विद्यार्थ्यांस त्याच्याशी काय कर्तव्य? परंतु ज्या घरी दिवाळीच्या सुमारास वेचलेला कापूस ओसरीवर रचून ठेवतात आणि 'भाव चढला म्हणजे विकू' असे म्हणून वाट पाहतात, त्या घरी हा विषय रोज रात्री जेवणाच्या वेळी निघत असतो. केवळ त्यास हे पुस्तकी नाव दिलेले नसते इतकेच. कापसाचा भाव ठरविणारी माणसे आपल्या तालुक्यात राहत नाहीत. ती कोठे राहतात, त्यांचा आपला संबंध केव्हा व कसा जडला, आणि त्या संबंधात आपले हित कशात आहे, याचा विचार आमच्या विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनी करावा, एवढ्याच हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

प्रथम दोन शब्दांचा अर्थ नीट समजून घेऊ. एका देशातील माल दुसऱ्या देशात विकला जाणे, हा व्यापार. जळगावच्या डाळ गिरण्यांत ब्रह्मदेशातून किंवा आफ्रिकेतील मोझांबिकमधून आलेली तूर भरडली जाते, तेव्हा तो व्यापार होय. माल आला, पैसा गेला, व्यवहार संपला. याच्या उलट, परदेशी माणूस आपला पैसा येथे आणून कारखाना काढतो, अगर येथल्या कंपनीचा मोठा हिस्सा विकत घेऊन तिच्या कारभारात भाग घेतो, तेव्हा त्यास थेट परकीय गुंतवणूक म्हणतात. येथे व्यवहार एका दिवसात संपत नाही. पाहुणा घरात राहावयास येतो. तो आपल्याबरोबर यंत्रे, विद्या व शिस्त आणतो. नफाही घेऊन जातो. शुभवर्तमानातील ज्या चाकराने धन्याचे द्रव्य जमिनीत पुरून ठेविले, त्याची गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. द्रव्य पुरून ठेवल्याने वाढत नाही, ते कामास लावावे लागते, हे खरे. परंतु दुसऱ्याचे द्रव्य आपल्या शेतात कामास लागते, तेव्हा पीक कोणाच्या पदरात किती पडावे, हा प्रश्न उरतोच. खानदेशच्या गेल्या पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासात या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे सापडतात.

इ. स. १८१८ मध्ये पेशवाई बुडून खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. तेव्हाही तापी व गिरणेच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीत कापूस होत असे. परंतु तो बैलांच्या पाठीवर अगर गाड्यांतून डोंगर-घाट ओलांडून समुद्रकाठी पोहोचेपर्यंत वाहतुकीचा खर्च फार चढे. इंग्लंडातील लँकेशायर परगण्याच्या सूतगिरण्या त्या काळी मुख्यत्वे अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांच्या कापसावर चालत. १८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत उत्तर व दक्षिण यांच्यात यादवी युद्ध जुंपले. उत्तरेकडील सरकारने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. हजारो कामगार उपाशी राहू लागले. मग इंग्लंडची नजर हिंदुस्थानाकडे वळली व मुंबईस कापसाचा भाव पाहता पाहता कित्येक पटींनी चढला.

खानदेशच्या शेतकऱ्याने ते युद्ध पाहिले नव्हते. अमेरिका कोणत्या दिशेस आहे हेही त्यास माहीत नसेल. तथापि त्या युद्धाने त्याचे शेत बदलले. जेथे ज्वारी-बाजरी होत असे तेथे कापूस आला. सावकार पूर्वी देत नसे इतके कर्ज आनंदाने देऊ लागला. भाव चढल्याबरोबर लबाडीही वाढली. वजन वाढविण्यासाठी कापसात पाणी, माती व सरकी मिसळण्याचे प्रकार इतके झाले की, १८६३ साली मुंबई सरकारला कापसातील भेसळीविरुद्ध कायदा करावा लागला. याचा परिणाम सांगावयास नकोच. लिव्हरपूलच्या बाजारात हिंदी कापूस म्हटला की गिरणीवाला नाक मुरडी, आणि अमेरिकन कापूस मिळेना म्हणूनच तो घेई.

पुढे नियतीचा एक विचित्र खेळ झाला. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा थळ घाटातील अवघड मार्ग १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला आणि खानदेशचा मुलूख मुंबई बंदराशी रुळांनी जोडला गेला. आता कापूस झपाट्याने बंदरावर जाणार, अशी सर्वांस आशा वाटू लागली. परंतु त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील युद्ध संपले. भाव कोसळले, मुंबईतील कित्येक बँका व कंपन्या बुडाल्या, आणि तेजीच्या भरवशावर काढलेली कर्जे मात्र शेतकऱ्याच्या मानेवर राहिली. मालाचा दर्जा वाढविण्यास मिळालेली चार वर्षे हातची गेली होती. कापूस पुन्हा मिळू लागताच इंग्रज गिरणीवाला आपल्या जुन्या पुरवठादाराकडे वळला. ज्या मालास पत नाही, त्यास तेजीत गिऱ्हाईक मिळते आणि मंदीत कोणी विचारीत नाही, हा धडा खानदेशास त्या वेळी प्रथम मिळाला.

आता या रेल्वेच्या भांडवलाकडे पाहू. कारण खानदेशात आलेले पहिले मोठे परकीय भांडवल तेच होय. ही कंपनी इंग्लंडात स्थापन झाली होती व तिचे भागधारक मुख्यतः तेथलेच होते. १८४९ साली ईस्ट इंडिया कंपनीशी झालेल्या करारान्वये त्यांच्या भांडवलावर दरसाल शेकडा ५ प्रमाणे व्याजाची हमी देण्यात आली, आणि रुळांसाठी लागणारी जमीन फुकट मिळाली. रेल्वेस तेवढी प्राप्ती झाली नाही, तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे शेतसारा व मिठावरील कर देणाऱ्या रयतेच्या पैशातून, भरून द्यावयाची होती. नफा झाला तर भागधारकांचा आणि तोटा झाला तर रयतेचा, असा हा सौदा होता. अशा स्थितीत खर्च बेताने करण्याची काळजी कोणास राहणार? दादाभाई नौरोजी, न्यायमूर्ती रानडे आदी आमच्या थोर अर्थचिंतकांनी परकीय भांडवल व देशाबाहेर जाणारे द्रव्य यांविषयी जो विचार केला, त्याच्या पाठीमागे असले अनुभव होते. सरकारने १९०० साली ही रेल्वे विकत घेतली व १९२५ साली तिचा कारभारही आपल्या हाती घेतला.

तरीही न्यायबुद्धीने पाहिले पाहिजे. त्याच रुळांनी भुसावळास मोठे जंक्शन बनविले, दुष्काळात धान्य आणणे सुलभ केले, आणि जळगावच्या पेठेस व्यापारी नगरीचे रूप दिले. १९०० साली चाळीसगावहून धुळ्यास फाटा गेला, त्याच सुमारास सुरतेकडून तापीकाठाने दुसरा लोहमार्ग अमळनेर-जळगावाकडे आला. १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेव्हा त्यांची मुख्य ठिकाणे म्हणून जळगाव व धुळे ही दोन्ही शहरे कापसाच्या व्यापारावर उभी होती. भांडवल परक्याचे होते म्हणून रेल्वे वाईट ठरत नाही. वाईट होती ती कराराची अट. हा भेद आमच्या विद्यार्थ्यांनी विसरू नये.

कापूस कच्चा पाठवून तयार कापड विकत घेणे म्हणजे दूध विकून तूप विकत आणण्यासारखे आहे, हे देशी व्यापाऱ्यांच्याही ध्यानात आले. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात जळगावास खानदेश स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल उभी राहिली. पुढे अमळनेरास प्रताप मिल व धुळ्यास न्यू प्रताप मिल निघाल्या. येथे पिकलेला कापूस येथेच कातला व विणला जाऊ लागला, हजारो घरांत पगार येऊ लागला. गिऱ्हाईकही बदलले. १८९३ साली मुंबई व जपान यांच्यामध्ये जपानी कंपनीच्या आगबोटींची नियमित ये-जा सुरू झाली आणि आखूड धाग्याचा आपला कापूस जपानी गिरण्या मोठ्या प्रमाणात घेऊ लागल्या. एका गिऱ्हाइकाने नाक मुरडले तरी दुसरे असावे, हे व्यापाराचे साधे सूत्र त्यामुळे सिद्ध झाले.

मालाची पत कशी मिळते, याचे उदाहरणही याच मातीतले आहे. खानदेशातील कापसावर मर रोग पडून उभी झाडे वाळत असत. त्यावर उपाय म्हणून सरकारी शेतकी खात्याने रोगास दाद न देणारे एक वाण निवडून काढले. त्याचे नाव जरिला. ते लोकप्रिय झाले, आणि मुंबईच्या कापूस बाजारात वायद्याचे सौदे करताना जरिला हा आधारभूत नमुना म्हणून धरू लागले. ज्या मुलखाचा कापूस भेसळीमुळे बदनाम झाला होता, त्याच मुलखाचे वाण इतरांचा कापूस मोजण्याची फूटपट्टी झाले! हे कार्य तेजीने केले नाही. शेतावर वर्षानुवर्षे झाडे तपासणाऱ्या माणसांच्या विद्येने केले.

स्वातंत्र्यानंतर परकीय भांडवलाविषयी आपल्या देशाचे धोरण सावध राहिले. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने बहुतेक धंद्यांत परदेशी मालकीस शेकडा ४० ची मर्यादा घातली. १९९१ साली देशाजवळील परकीय चलन संपत आले, तेव्हा हे धोरण बदलले. त्या जुलैमध्ये जाहीर झालेल्या औद्योगिक धोरणाने अनेक धंद्यांत शेकडा ५१ पर्यंतच्या परकीय मालकीस आपोआप संमती देण्याचे ठरविले. या बदलाचा परिणाम कारखान्यांवर तर झालाच, परंतु खानदेशच्या कापसाच्या शेतापर्यंतही तो पोहोचला. तो असा.

जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीत अमेरिकेच्या मॉन्सँटो कंपनीने १९९८ साली शेकडा २६ चा हिस्सा घेतला, आणि दोघींनी मिळून एक संयुक्त कंपनी काढली. मार्च २००२ मध्ये सरकारने बीटी कापसास परवानगी दिली. या वाणात एका जिवाणूचा गुण घातलेला असल्यामुळे हिरवी बोंडअळी त्यावर जगत नाही. आरंभीची काही वर्षे फवारणी कमी झाली आणि शेतकऱ्यांनी हे बियाणे आपण होऊन पसंत केले, हे मान्य केले पाहिजे. परंतु हे संकरित बी घरी राखून पुन्हा पेरता येत नाही. ते दरसाल विकतच घ्यावे लागते आणि प्रत्येक पाकिटाच्या किमतीत त्या विद्येचे शुल्क धरलेले असे. हे शुल्क फार आहे अशी तक्रार वाढली, तेव्हा सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये बियाण्यांच्या किमतींवर नियंत्रण आणले. २०१६ साली शुल्क पाकिटामागे ४९ रुपये ठरले व २०२० साली ते शून्य झाले. दरम्यान निसर्गाने आपला हिशेब मांडला होता. गुलाबी बोंडअळी त्या विषास सरावली आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कापसाचे तिने अतोनात नुकसान केले. जरिला व बीटी ही दोन्ही विद्येचीच फळे. पण एक विद्या आपल्या शेतकी खात्याच्या हाती होती, दुसरी परक्या कंपनीच्या. विकत घेतलेली विद्या थकली, तेव्हा तिच्या जागी तितकीच समर्थ अशी आपली विद्या तयार नव्हती.

कोणी म्हणेल, लिव्हरपूलचा काळ गेला. आता भाव आपल्या हाती आहे. तसे नाही. २०२२ च्या उन्हाळ्यापूर्वी जगभर कापूस महाग झाला आणि आपल्याकडे क्विंटलला १०,००० रुपयांवर भाव गेला. पुढच्या हंगामात तोच भाव पुन्हा येईल या आशेने अनेकांनी कापूस घरात साठविला. भाव मात्र उतरत गेला. मग २०२५ साल उजाडले. अमेरिकेने हिंदी मालावर लादलेली जकात २७ ऑगस्ट रोजी शेकडा ५० झाली. आपल्या कापड उद्योगास त्या धक्क्यातून सावरण्यासाठी स्वस्त कच्चा माल मिळावा म्हणून भारत सरकारने परदेशी कापसावरील शेकडा ११ ची आयात-जकात १९ ऑगस्टपासून उठविली होती. ती सवलत प्रथम ३० सप्टेंबरपर्यंत होती, पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढविली गेली. आमच्या शेतकऱ्याचा कापूस बाजारात येण्याचे महिने नेमके तेच! त्या हंगामासाठी सरकारने मध्यम धाग्याच्या कापसास ७,७१० व लांब धाग्याच्या कापसास ८,११० रुपये क्विंटल असा आधारभूत भाव ठरविला होता; परंतु तो पदरात पडण्यास सरकारी खरेदी केंद्र जवळ हवे, माल कोरडा हवा, आणि थांबण्याइतकी घरची ऐपत हवी. अमेरिकेत १८६१ साली तोफ उडाली आणि खानदेशचे शेत बदलले. २०२५ साली तेथे जकातीचा आकडा बदलला आणि खानदेशची ओसरी चिंतेत पडली. साखळी तीच आहे, फक्त बातमी आगबोटीऐवजी खिशातल्या यंत्रावर येते.

मग या साखळीतून सुटका नाही काय? सुटका नाही, परंतु तिच्यातील आपली जागा बदलता येते. याचे उदाहरण आमच्या केळीत आहे. रावेर, यावल, चोपडा या तापीकाठच्या तालुक्यांतील केळी पिढ्यान्‌पिढ्या रेल्वेच्या वॅगनींतून उत्तर हिंदुस्थानात जात असे. बसराईसारख्या जुन्या वाणांच्या जोडीला ग्रँड नैन हे परदेशातून आणलेले वाण आले. त्याची रोपे जळगावच्याच प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाने वाढवून शेतकऱ्यांस मिळू लागली. वाण परक्याचे, परंतु रोपे तयार करण्याची विद्या येथे रुजली. २०१६ साली 'जळगाव केळी' यास भौगोलिक मानांकन मिळाले, आणि २०२१ च्या जून महिन्यात तांदलवाडी येथील शेतकऱ्यांची २२ टन मानांकित केळी दुबईस रवाना झाली. आखाती देशांचे गिऱ्हाईक डाग पडलेले फळ घेत नाही. म्हणून घडास पिशवी घालावी लागते, फण्या हलक्या हाताने कापून धुवाव्या लागतात, पेटीत भरून सुमारे १३ अंश उष्णतामानात ठेवाव्या लागतात. १८६३ साली कापसात माती मिसळणाऱ्या मुलखातील माणसे आज फळास ओरखडाही पडू देत नाहीत, ही प्रगती लहान नव्हे.

भांडवलाचा ओघ उलट दिशेसही वाहू शकतो. जामनेर तालुक्यातील वाकोदच्या शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या भवरलाल जैन यांनी १९६३ साली रॉकेल विकण्यापासून आरंभ केला, आणि पुढे त्यांच्या कंपनीने ठिबक सिंचनाची विद्या घरोघर नेली. ज्या इस्रायलपासून जग ठिबक शिकले, तेथील नानदान या कंपनीचा निम्मा हिस्सा जळगावच्या या कंपनीने २००७ साली घेतला व उरलेला २०१२ साली. परंतु कर्जाचा भार फार वाढल्यामुळे २०२३ साली परदेशातील सिंचन-धंदा रिव्हुलिस या कंपनीत विलीन करावा लागला व जळगावकडे त्यात अल्प हिस्सा उरला. अर्थात, उसने भांडवल घेऊन बाहेर जाणाऱ्यासही १८६५ चा धडा लागू आहेच.

दुसरे उदाहरण अमळनेरचे. २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हशम प्रेमजी यांनी वनस्पती तूप करण्यासाठी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी काढली. तीच पुढे विप्रो झाली, संगणकाच्या कामाची निर्यात करू लागली, आणि २००० साली न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात तिचे नाव लागले. अमळनेरच्या कित्येक साध्या कुटुंबांनी त्या कंपनीचे भाग घेऊन सांभाळून ठेवले होते; म्हणून कंपनी जगभर गेली तरी नफ्याचा एक झरा त्यांच्या अंगणात वाहत राहिला. कारखान्यात केवळ मजुरी मिळणे आणि कारखान्यात आपला हिस्सा असणे, यांत केवढे अंतर आहे ते यावरून दिसेल.

तात्पर्य असे की, परदेशचा पैसा आला म्हणून हुरळून जाऊ नये आणि परका म्हणून त्यास दारातूनच परत लावू नये. उद्या धुळ्याजवळ किंवा नरडाण्यास कोणी परदेशी कारखाना काढू म्हणाला, तर त्यास चार प्रश्न विचारावेत. तोटा झाला तर तो कोण सोसणार? नफ्यातील किती भाग येथे राहणार? कंपनी निघून गेली तरी आमच्या मुलांच्या हाती कोणती विद्या उरणार? आणि हा सौदा न पटल्यास दुसरे गिऱ्हाईक, दुसरे बियाणे, दुसरी वाट आम्हांस आहे काय? रेल्वेच्या सौद्यात पहिल्या प्रश्नाचे उत्तर आमच्या विरुद्ध गेले, बियाण्याच्या सौद्यात तिसऱ्या व चौथ्याचे. केळीच्या व्यवहारात विद्या येथे राहिली, म्हणून तो आम्हांस मानवला.

पालकांस आमची विनंती एवढीच की, कापूस विकून आलेल्या पैशातील पहिला वाटा मुलामुलींच्या शिक्षणाचा समजावा. तेजी-मंदीत न कोसळणारे भांडवल तेवढे एकच आहे. आणि विद्यार्थी मित्रहो, भूगोलाच्या तासास अमेरिका, जपान, इस्रायल ही नावे नकाशावर शोधताना, आपल्या शेताचा बांध तेथपर्यंत जाऊन भिडलेला आहे हे ध्यानात ठेवा. गणिताच्या तासास शेकडेवारी शिकाल, ती घरच्या कापसाच्या पट्टीवर लावून पाहा. हमाली, तोलाई वजा जाता हाती काय आले ते वडिलांबरोबर बसून मोजा. ज्या घरातील मुलास तो हिशेब येतो, त्या घरचा माल बाजारात कोणासही आंधळेपणाने विकला जाणार नाही.